खसखशीच्या दाण्याएवढा

मे महिन्यातल्या एका गुरुवारी रात्री थोरल्याच्या गुडघ्यामागच्या खळगीत माझं बोट अडलं. तो अंघोळ करून आला होता, पाय कोरडे पडलेत म्हणून तेल लावून घेत होता. बोटाला बारीक खडा लागल्यासारखं झालं. मला वाटलं, माती राहिली असेल. नखाने काढायला गेले तर निघेना. दिव्याखाली पाय धरला. काळसर ठिपका होता, आणि त्या ठिपक्याला पाय होते.

गोचीड मला लहानपणापासून माहीत आहेत. आजोळी गोठ्यात गाईच्या कानामागे, कासेजवळ राखाडी रंगाचे टम्म फुगलेले गोचीड असायचे. आजोबा ते चिमटीत धरून उपटायचे आणि रॉकेलच्या डबीत टाकायचे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात राहायला आल्यावर 'इथे टिक्स फार आहेत, मुलांना जपा' असं कोणी म्हणालं की माझ्या डोळ्यांसमोर तेच टपोरे गोचीड यायचे. एवढा किडा मुलाच्या अंगावर असला तर दिसेलच की, असं धरून मी सहा वर्षं काढली होती. आणि आता जो समोर होता, तो खसखशीच्या दाण्याएवढा होता. तेलाचा हात फिरला नसता तर तो मला दिसलाच नसता.

नवरा कामासाठी बाहेरगावी होता. भारतात सकाळ झाली होती, म्हणून हात आपसूक आईला फोन करायला गेला. आई म्हणाली, "रॉकेलचा बोळा लाव, आपोआप सोडेल." घरात रॉकेल कुठलं? व्हॅसलिनची डबी उघडली आणि तेवढ्यात सुचलं की मुलांच्या डॉक्टरांकडे रात्रीही नर्सशी बोलता येतं. ती बाई शांतपणे म्हणाली, त्याला काहीही लावू नका. तेल नको, व्हॅसलिन नको, काडी पेटवून चटका तर अजिबात नको. असं काही केलं की गोचीड बिथरतो आणि पोटातला द्रव चावलेल्या जागी ओकू शकतो. टोकदार चिमटा घ्या, कातडीच्या अगदी लगत, त्याच्या तोंडापाशी धरा, न पिळता, न झटका देता सरळ वर ओढा.

भुवयांचा चिमटा होता. थोरला पालथा झोपला, धाकटीने मोबाइलचा उजेड धरला. चिमटा लावून ओढायला लागले तशी कातडी लहानशा तंबूसारखी वर आली. तो सुटेना. माझा हात थरथरत होता. "आई, दुखत नाहीये, ओढ तू," असं थोरलाच मला धीर देत होता. मनात आकडे मोजत तसंच धरून ठेवलं आणि एकदम सुटलं. जागा स्पिरिटने पुसली. गोचीड पांढऱ्या कार्डावर ठेवून वरून सेलोटेप लावला आणि खाली तारीख, वेळ, 'डावा गुडघा, मागे' असं लिहिलं. भिंगातून पाहिलं तर आठही पाय हलत होते. पुढचा भाग काळा, मागचा तपकिरी. टेपखाली दाबला गेला तरी त्याचे पाय काहीतरी पकडायला बघत होते. ते पाय अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्ड घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोचीड बघितला आणि म्हणाले, हा डियर टिकच आहे, हरणांच्या अंगावर असतो तो गोचीड, आणि ही त्याची निम्फ अवस्था, अळी आणि मोठा गोचीड यांच्या मधली. गोचिडाच्या या जातीचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं. अंड्यातून निघालेल्या अळीच्या अंगात लाइमचे, म्हणजे गोचीड चावून माणसांना होणाऱ्या आजाराचे, जंतू नसतात. ती पहिलं रक्त बहुधा उंदराचं पिते आणि तिथून जंतू तिच्यात येतात. पुढच्या वसंतात तिची निम्फ होते. मे ते जुलै हा निम्फचा काळ, आणि नेमकी मुलंही याच दिवसांत उघड्या पायांनी गवतात लोळत असतात. मोठा झालेला गोचीड तिळाएवढा असतो, तो निदान दिसतो तरी. माणसांना जो लाइम होतो तो बहुतेक या न दिसणाऱ्या निम्फमुळे.

मग त्यांनी विचारलं, हा किती वेळ चिकटलेला होता? मला सांगता येईना. दहा वर्षांचा मुलगा आपली अंघोळ आपण करतो. पण गोचीड चपटा होता, रक्त पिऊन फुगलेला नव्हता, यावरून तो फार वेळ नव्हता असं त्यांनी ठरवलं. लाइमचे जंतू गोचिडाच्या पोटात असतात. तो रक्त प्यायला लागला की ते हळूहळू त्याच्या लाळेपर्यंत येतात, आणि याला साधारणपणे एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणून नियम असा की डियर टिक ३६ तास किंवा त्याहून जास्त चिकटलेला असेल आणि काढून ७२ तास उलटले नसतील, तरच डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा एक डोस आधीच देऊन ठेवायचा. थोरल्याला ते लागू नव्हतं. औषध नाही, रक्ततपासणी नाही. ३० दिवस लक्ष ठेवा, ताप आला किंवा पुरळ दिसलं तर फोन करा, एवढंच.

मला राग आला, हे लपवत नाही. मुलाला गोचीड चावलेला असताना 'वाट बघा' हे कुठल्या आईला पटेल? मी म्हटलं, निदान हा गोचीड तरी तपासायला पाठवू या. न्यू हेवनला राज्याचं शेती संशोधन केंद्र आहे, तिथे लोकांच्या अंगावर सापडलेले गोचीड तपासतात हे मी वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्या निकालावर औषध ठरवायचं नसतं. गोचिडात जंतू सापडले म्हणजे ते मुलात गेलेच असं नाही. आणि नाही सापडले म्हणून निर्धास्तही होता येत नाही, कारण तुम्हाला न दिसलेला दुसरा एखादा चावून गेलेला असू शकतो. हे दुसरं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. ज्या लाइम गावावरून या आजाराला नाव पडलं, ते आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. कनेक्टिकट नदी समुद्राला मिळते त्या बाजूचं छोटं गाव. तिथे पॉली मरे नावाची बाई राहायची. ती स्वतः, तिचा नवरा, मुलं, सगळ्यांना आळीपाळीने सांधे सुजणं, पुरळ, ताप. ती सगळं टिपून ठेवायची. डॉक्टरांकडे खेटे घालून काही निष्पन्न होईना, उलट हे तुमच्या मनाचे खेळ आहेत असंही तिला ऐकावं लागलं. १९७५ साली तिने आणि शेजारच्या ओल्ड लाइममधल्या ज्युडिथ मेन्श या दुसऱ्या आईने स्वतंत्रपणे राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं की एवढ्याशा भागात इतक्या मुलांना संधिवात कसा होतो? येल विद्यापीठातल्या ॲलन स्टीअर या तरुण डॉक्टरकडे ते काम आलं. १९७७ साली त्यांनी जो निबंध छापला त्यात ५१ रुग्ण होते आणि त्यातली ३९ मुलं होती. जंतू पुढे १९८१ साली विली बर्गडॉर्फर यांना गोचिडाच्या पोटात सापडला, त्यांच्याच नावावरून तो बोरेलिया बर्गडॉर्फेरी झाला. या सगळ्याच्या मुळाशी एका आईची वही आहे. मी उठले आणि मुलांच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून पहिल्या पानावर तारीख घातली.

त्या वहीत रोज थोरल्याची नोंद व्हायची. ताप नाही. पुरळ नाही. गुडघा ठीक. फुटबॉल खेळला.

धाकटीची एकही नोंद नव्हती.

थोरल्याच्या तिसाव्या दिवसाआधीच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, शनिवारी धाकटीला न्हायला घातलं. सात वर्षांची आहे, केस दाट, कमरेपर्यंत. ओले केस वर बांधताना मानेच्या मागे, केसांच्या रेषेपाशी, गुलाबी चट्टा दिसला. अर्धा केसांत, अर्धा बाहेर. मी महिनाभर इंटरनेटवर बाणांच्या नेमबाजीच्या पाटीसारखं, एकात एक वर्तुळं असलेलं पुरळ बघत होते, तेच शोधायचं असं डोक्यात बसलं होतं. हा तसा नव्हता. सगळीकडे सारखा गुलाबी, लांबट, वर्तुळंबिर्तुळं काही नाहीत. खाज नाही, दुखत नाही. हात लावला तर जरा गरम. घामोळं असेल, कॉलरचा टॅग घासला असेल, असं मनाशी म्हणून मी चक्क केस विंचरायला घेतले. मग काय वाटलं कोण जाणे, बॉलपेन घेऊन चट्ट्याच्या कडेने रेघ मारून ठेवली.

रविवारी सकाळी गुलाबी रंग रेघेच्या बाहेर गेला होता. पट्टी लावली. आदल्या दिवशी पाच सेंटिमीटर, आज साडेसहा. अंगात कणकण होती आणि ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. तिने डोकं टेकून बसणं म्हणजे आमच्या घरात मोठीच गोष्ट.

सोमवारी डॉक्टरांनी मान बघितली, पेनची रेघ बघितली आणि म्हणाले, हा लाइमचा रॅश आहे, आजपासून औषध सुरू करू. मी म्हटलं, रक्त तपासायचं नाही? तर म्हणाले, इतक्या लवकर तपासलं तर बऱ्याचदा निगेटिव्ह येतं, कारण ती तपासणी शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते आणि त्या तयार व्हायला काही आठवडे जातात. पसरत जाणारा असा चट्टा आणि हा प्रदेश, एवढं निदानाला पुरतं. चट्टा चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत कधीही उठतो. सगळ्यांनाच उठतो असंही नाही, शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांना. आणि उठलेल्यांतही ती पाठ्यपुस्तकी वर्तुळं फार थोड्यांना दिसतात. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर, असं वाटत राहिलं. जो चावला तो गोचीड आम्हाला कधीच दिसला नाही. केसांत शिरला, पोट भरल्यावर गळून पडला असणार.

औषधाचे दोन पर्याय होते. डॉक्सिसायक्लिन १० दिवस किंवा अमॉक्सिसिलिन १४ दिवस. डॉक्सिसायक्लिनने लहान मुलांचे दात पिवळे पडतात हे मी ऐकून होते. डॉक्टर म्हणाले, कमी दिवसांच्या डोससाठी आता ती भीती धरत नाहीत, आठ वर्षांखालीही देतात. पण त्या औषधावर ऊन बाधतं, आणि जूनमध्ये हिला उन्हापासून लांब ठेवणं अवघड. म्हणून अमॉक्सिसिलिन ठरलं, दिवसातून तीनदा. दुपारचा डोस शाळेत.

शाळेशी माझं खरं बोलणं सुरू झालं ते या दुपारच्या डोसमुळे. इथे शाळेत साधी गोळीही पालकांच्या शब्दावर देत नाहीत. डॉक्टरांची सही, पालकांची सही, फार्मसीचं लेबल लावलेली बाटली, ती मुलीच्या दप्तरातून नाही, पालकांनी स्वतः आणून द्यायची. मी बाटली घेऊन शाळेतल्या नर्सच्या खोलीत गेले. फॉर्मवर आजाराचं नाव वाचून ती सहज म्हणाली, या वसंतात ही तिसरी. आणि रीसेसनंतर मुलांच्या अंगावरचे चार-पाच टिक्स तिने स्वतः काढले होते.

मला खुर्चीत बसावं लागलं. ज्यांच्या मुलांचे काढले त्या पालकांना फोन गेले होते, नियमाप्रमाणे. बाकी कोणालाच काही कळवलं नव्हतं. उवा झाल्या तर पूर्ण वर्गाच्या घरी चिठ्ठी येते. गोचिडाला चिठ्ठी नाही. नर्सची चूक नव्हती, ती तिचं काम चोख करत होती. पण मला त्या दिवशी शाळेचा फार राग आला होता आणि तो पुढे आठवडाभर टिकला.

ही शाळा रानाला लागून आहे. मैदानाच्या कडेने जुनी दगडी गडगी आहे, न्यू इंग्लंडमध्ये, अमेरिकेच्या या ईशान्य भागात, सगळीकडे असतात तशी. एके काळच्या शेतांचे ते बांध, आता त्यांच्यावर रान माजलंय. गडग्यापलीकडे ओक आणि मेपल, खाली पानांचा घोटाभर थर, आणि जपानी बार्बेरीची काटेरी झुडपं. गडग्याला लागूनच झाडाचे ओंडके मांडून 'बाहेरचा वर्ग' केलेला. मुलं तिथे बसून गोष्टी ऐकतात. दुसरीत प्रवेश घेताना आम्ही याच वर्गावर खूश झालो होतो.

इतर आयांशी बोलत गेले तसे अनुभव बाहेर यायला लागले. एका मुलाचा गुडघा सुजून लिंबाएवढा झाला होता आणि लाइम आहे हे कळायला दोन महिने लागले होते. एका मुलीचा अर्धा चेहरा आठवडाभर पडला होता, औषधाने बरा झाला. हे ऐकल्यापासून मी रोज सकाळी धाकटीला समोर उभं करून म्हणायचे, "हसून दाखव बघू." ती हसायची. मी ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर जातात का ते बघायचे. तिला वाटायचं आई लाडाने म्हणतेय. कधी कधी जास्तच दात काढून दाखवायची. चौदा दिवस मी त्या हसण्यातला डावा-उजवा कोपरा मोजला.

चट्टा पाचव्या दिवशी फिका पडला, दहाव्या दिवशी गेला. ताप तर दोनच दिवस होता. पण औषधाचे चौदा दिवस आम्ही पूर्ण केले, शाळा संपल्यावरचेही.

शाळा सुटायच्या आधी प्रिन्सिपलनी पालकांची बैठक घेतली. मी तिथे एकच मागणी घेऊन गेले होते. फवारणी करा. चाळीसेक पालक होते, बहुतेकांचं तेच म्हणणं. एक वडील म्हणाले की आम्ही घरी फवारतो, शाळेने का नाही? प्रिन्सिपल म्हणाल्या की कनेक्टिकटमध्ये आठवीपर्यंतच्या शाळांच्या आवारात हिरवळीवर कीटकनाशक मारायला कायद्यानेच बंदी आहे, २०१० पासून. आरोग्याला तातडीचा धोका असेल तर शाळांचे सुपरिन्टेन्डेन्ट अपवाद करू शकतात, आणि त्या अपवादात गोचिडांचं नाव स्पष्ट आहे. लगेच खोलीत दोन तट पडले. निम्मे म्हणाले, हाच तातडीचा धोका. निम्मे म्हणाले, ज्या गवतावर मुलं लोळतात त्यावर विष मारायचं? मी पहिल्यांदा त्या दुसऱ्या बाजूकडे नीट बघितलं. ती आईसुद्धा माझ्याइतकीच घाबरलेली होती.

गावाच्या आरोग्य विभागातल्या बाई बैठकीला होत्या. त्यांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २०११ आणि २०१२ साली कनेक्टिकट, मेरीलँड आणि न्यूयॉर्कमधल्या २,७०० हून जास्त घरांच्या आवारात केलेला. निम्म्या घरी कडेकडेने गोचीडनाशक फवारलं, निम्म्या घरी नुसतं पाणी, आणि कोणाकडे काय ते त्यांना सांगितलं नाही. औषध मारलेल्या आवारात गोचीड ६३ टक्क्यांनी कमी झाले. पण त्या घरांतल्या माणसांना चावणारे गोचीड काही कमी झाले नाहीत, आणि आजारही नाही. फवारणी अगदीच फुकट असं त्या म्हणत नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की फवारून झालं म्हणून घरी मुलांना तपासणं सुटलं, तर तुम्ही तोट्यात आहात. मग म्हणाल्या, आधी बघू या तरी, ते नेमके आहेत कुठे. दोन दिवसांनी सकाळी येते, ज्यांना यायचंय त्यांनी या.

आम्ही सहा जण गेलो. पांढरे मोजे वर ओढून त्यांत पँट खोचलेली. बाईंकडे मीटरभर रुंदीचं पांढरं जाड फलालीचं कापड होतं, एका बाजूला काठी आणि दोरी. ते त्या जमिनीवरून हळूहळू ओढत न्यायच्या आणि थोड्या पावलांनी उलटून बघायच्या. गोचीड उडी मारत नाही, झाडावरून पडतही नाही. गवताच्या किंवा पानाच्या टोकाला बसून पुढचे पाय पसरून वाट बघतो आणि जाणाऱ्या अंगाला धरतो. कापडालाही तसाच धरतो.

मैदानाच्या मध्यावर, जिथे गवत कापलेलं आणि ऊन लखलखत होतं, तिथे कापड कोरं. झोक्यांपाशी कोरं. डब्यांच्या बाकांपाशी कोरं. मग गडग्याच्या अलीकडे, जिथे मैदान संपून पानांचा थर सुरू होतो, तिथे कापड ओढलं आणि उलटलं. मला आधी काहीच दिसलं नाही. बाईंनी पेनच्या टोकाने दाखवलं. एक. मग दुसरा. पांढऱ्या कापडावर चालणारे ठिपके. ओंडक्यांच्या वर्गाभोवती दोन फेऱ्यांत सात निघाले.

सगळ्या मैदानाची भीती माझ्या डोक्यात होती, आणि खरी जागा होती कडेची तीन-चार पावलं. कोरड्या, तापलेल्या जागी गोचीड जगत नाही, त्याला ओल आणि सावली लागते. दगडी गडग्याच्या फटींत पांढऱ्या पायांचे उंदीर राहतात, त्यांच्याकडून त्याला जंतू मिळतात. हरणं बदनाम आहेत, पण हरणाकडून गोचिडाला लाइमचे जंतू लागत नाहीत. हरीण मोठ्या गोचिडांना रक्त पुरवतं आणि इकडून तिकडे नेतं. आणि चेंडू नेहमी गडग्यापलीकडेच जातो. थोरल्याला विचारलं तर म्हणाला, "मीच जातो आणायला, बाकीचे घाबरतात."

परत येताना बाईंनी मला हळूच विचारलं, "तुमच्या घरामागे काय आहे?" आमच्या घरामागेही रान आहे. लाकडांची रास आहे, ती भिंतीला लागून. वाळकी पानं आम्ही दरवर्षी कडेला सारतो. माणसांना गोचीड बहुतेक वेळा घराच्या अवतीभवतीच चावतात, असं त्या म्हणाल्या. धाकटीला चावला तो शाळेतला की आमच्या परसातला, हे मला आजही सांगता येणार नाही. आठवडाभर ज्या ठामपणे मी शाळेबद्दल बोलत होते, तो ठामपणा तिथेच गेला. काम मात्र दोन्हीकडे करायचं होतं.

उन्हाळ्यात शाळेने बरंच केलं, आम्ही पालकांनीही दोन शनिवार दिले. पानं उपसली, बार्बेरी मुळासकट काढली, ओंडके उचलून मैदानाच्या उन्हातल्या बाजूला नेले. रान आणि गवत यांच्यामध्ये तीन फूट रुंदीचा लाकडाच्या ढलप्यांचा पट्टा घातला. तापणारा, कोरडा पट्टा गोचिडाला सहजी ओलांडवत नाही, आणि मुलांनाही दिसतो. चेंडू पट्ट्यापलीकडे गेला तर मोठ्यांनी आणायचा, असा नियम झाला. फवारणी झाली नाही. झाली तर मला आधी कळावं म्हणून मी शाळेच्या यादीत नाव नोंदवून ठेवलं आहे. माझं मत आता असं आहे की आधी हे सगळं करा, कापड ओढा, तरीही निघत राहिले तर कडेपुरता विचार करा.

चिठ्ठीवरून मात्र मी मागे हटले नाही. ती मिळवायला सप्टेंबर उजाडला. आता शाळेत कोणाच्याही अंगावर गोचीड सापडला की त्या वर्गातल्या सगळ्या घरी कळवतात, नाव न घेता. एप्रिलच्या शेवटी सर्व पालकांना एक पान जातं. त्यात कुठे बघायचं ते लिहिलेलं असतं. केसांत, कानांत आणि कानामागे, काखेत, बेंबीत, कमरेभोवती, जांघेत, गुडघ्यामागे, बोटांच्या बेचक्यांत. पुरळ कसंही दिसू शकतं हे वाक्य मी भांडून घालून घेतलं.

घरातला क्रमही बदलला. मुलं बाहेरून आली की कपडे धुवायला नंतर, आधी ड्रायरमध्ये, कडक तापमानावर दहा मिनिटं. कोरड्या उष्णतेने गोचीड मरतो, नुसत्या धुण्याने मरेलच असं नाही. दोन तासांच्या आत अंघोळ. खेळायच्या बुटांवर आणि मोज्यांवर परमेथ्रिन हे गोचीडनाशक फवारून आधी वाळवून ठेवते, ते कातडीला लावायचं नसतं. आणि रोज रात्री तपासणी. हे सगळं पाळूनही एखादा सुटेल, हे मला माहीत आहे. माणसांसाठी लस १९९८ साली आली होती, २००२ मध्ये ती बाजारातून काढून घेतली. सध्या कुत्र्यांना लाइमची लस मिळते, मुलांना नाही. हे मला अजून नीट सहन होत नाही.

या एप्रिलमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. दुपारी मुलांकडे त्याच बघतात, अंघोळीही त्याच घालतात. शाळेचं ते पान मी मराठीत लिहून काढलं, आमच्यासारख्या आणखी तीन घरांत आजी-आजोबा आलेत, त्यांनाही दिलं. सासूबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, गोचीड आम्हाला तू शिकवणार? गुराढोरांत जन्म गेला आमचा."

आपली खसखस पांढरी असते. इथली काळपट निळी. मी दुकानातून ती आणली, एक दाणा पाण्याच्या थेंबाने धाकटीच्या मानेवर, केसांच्या रेषेपाशी चिकटवला आणि सासूबाईंना म्हटलं, शोधा. त्यांनी चष्मा लावला. मान खिडकीकडे वळवली. केस एकीकडे केले, दुसरीकडे केले. धाकटी गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. दोन-तीन मिनिटं गेली. मग त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि बोटांची टोकं कानामागून हळूहळू मानेवर फिरवत आणली. एका जागी बोट थांबलं.

"डोळ्यांना नाही दिसत गं," त्या म्हणाल्या, "हाताला लागतो."

तेव्हापासून रात्रीची तपासणी त्यांच्याकडे आहे.